गर्दीला तोंडं काढू नका: एका पडदेवाल्याची रीत

मी नाटकाचे पडदे रंगवणारा माणूस. जत्रेत, उत्सवात होणाऱ्या मराठी नाटकांसाठी गोव्यात बार्देश-डिचोली भागात एके काळी जे पडदे लागायचे, त्यांतले बरेच माझ्या हातचे. महाल, जंगल, दरबार आणि रस्ता. हा रस्त्याचा पडदा कायम रिकामा असायचा. दोन्ही बाजूंना घरं, मधून लांब जाणारी वाट आणि त्या वाटेवर चिटपाखरूही नाही. माणसं पडद्यापुढे येऊन उभी राहणारच आहेत, मग पडद्यात कशाला? त्यामुळे तीस वर्षं मी रस्ते रंगवले, पण त्यांवर एक माणूस कधी रंगवला नाही.

गर्दी रंगवायला शिकलो साठी उलटल्यावर, आणि गुरू भेटले ते एकोणिसाव्या शतकात पॅरिसचे रस्ते रंगवणारे दोघे चित्रकार: मोने आणि पिसारो. उतारवयात शिकलो म्हणून चुकाही भरपूर केल्या. पुढे सांगतो ते सगळं म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारावर आणि इंत्रुजाच्या, म्हणजे आमच्या कार्निव्हलच्या, मिरवणुकीवर करून बघितलेलं आहे.

रंग काढण्याआधी अर्धा तास एक चित्र बघा. मोनेचं ‘बुलव्हार दे कापुसीन’. या नावाची त्याची दोन चित्रं आहेत, दोन्ही १८७३-७४ च्या सुमाराची. उभं आहे ते अमेरिकेत कॅन्सस सिटीच्या संग्रहालयात, आडवं मॉस्कोत. आपल्याला दोन्ही फोनवर मिळतात. वरून दिसणारा रुंद रस्ता, धुरासारखी झाडं, घोडागाड्यांची रांग, उजव्या कडेला गॅलरीतून वाकून बघणारे उंच टोपीवाले दोघे, आणि खाली एक गुलाबी पुंजका. तो फुगेवाल्याचे फुगे. बाकी सगळा रस्ता माणसांनी भरलेला.

आता दोन बोटांनी चित्र मोठं करा आणि त्या माणसांतला एक कोणीही पकडा. माणूस मोठा होत नाही, डाग मोठा होतो. तोंड नाही, हात नाही, दोन पायसुद्धा धड नाहीत. काळपट रंगाचा एक फराटा, बस्स. पुन्हा लहान करा. बुवा चालायला लागतात.

हे पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला हसू आलं, कारण यातली अर्धी विद्या आम्हा पडदेवाल्यांकडे आधीपासून आहे. दरबाराच्या पडद्यावरची झुंबरं जवळून बघाल तर चुन्याचे फराटे आहेत. पण मांडवाच्या शेवटच्या रांगेत बसलेल्या म्हातारीला त्यात काच दिसते. आम्ही रंग लावायचो पडद्यापाशी उभे राहून आणि बघायचो तीस फुटांवर जाऊन. फक्त हे माणसांवर करायचं आम्हाला कधी सुचलं नाही.

त्या काळी पॅरिसमध्येही पुष्कळांना ते पचलं नाही. मोने आणि त्याच्या सोबत्यांनी १८७४ च्या एप्रिलात आपलं पहिलं प्रदर्शन भरवलं ते याच रस्त्यावर, ३५ नंबरच्या इमारतीत, नादार नावाच्या फोटोग्राफरच्या जुन्या स्टुडिओत. या रस्त्याचं चित्र मोनेने काढलं तेही तिथूनच. म्हणजे प्रदर्शन बघायला आलेला माणूस खिडकीपाशी गेला की चित्रातलाच रस्ता त्याला खाली दिसत असणार. लुई लरुआ नावाच्या टीकाकाराने ‘ल शारिव्हारी’ या पत्रात प्रदर्शनाची यथेच्छ टिंगल केली. त्याने एक काल्पनिक म्हातारा चित्रकार उभा केला आणि त्याच्या तोंडी प्रश्न घातला, की चित्राच्या खालच्या भागात जिभेने चाटल्यासारखे हे असंख्य काळे फराटे कसले? ती चालणारी माणसं, असं उत्तर मिळाल्यावर म्हातारा भडकतो: मी रस्त्याने चालताना असा दिसतो की काय? मोनेच्याच दुसऱ्या एका चित्राच्या नावावरून याच लेखात लरुआने या मंडळींना ‘इम्प्रेशनिस्ट’ म्हणून हिणवलं, आणि ते नाव कायमचं चिकटलं.

आता कामाला लागू. पहिला प्रश्न जागेचा. रंगांपेक्षा जागा महत्त्वाची, यात मी हट्टी आहे. रस्त्यावर उभं राहून गर्दी रंगवता येत नाही. समोरचे चौघे दिसतात आणि पाचव्यापासून सगळं झाकलं जातं. वर जायला हवं. पॅरिसवाल्यांची सोय ओस्मान नावाच्या अधिकाऱ्याने करून ठेवली होती. १८५३ ते १८७० या काळात तिसऱ्या नेपोलियनसाठी त्याने जुन्या गल्ल्या पाडून लांबरुंद रस्ते काढले, दोन्हीकडे सारख्या उंचीच्या इमारती उभ्या राहिल्या. खिडकीत बसलं की खाली अर्धा मैल माणसं. म्हापशात एवढा लांब सरळ तुकडा मिळत नाही. पणजीला अठरा जून रस्ता त्यातल्या त्यात जवळचा. पण आपल्याला अर्धा मैल लागत नाही, शंभर पावलं रस्ता दिसला तरी चालतो.

मी दोन जागा वापरल्या. एक पहिल्या मजल्यावरच्या मित्राच्या घराची गॅलरी, दुसरी त्याच रांगेतला दुसऱ्या मजल्यावरचा शिकवणीचा वर्ग, जो सकाळी रिकामा असतो. दोन्हींत फरक केवढा पडतो ते आकड्यांत सांगतो, कारण पुढचं सगळं गणित यावर उभं आहे.

आधी तुमची डोळ्याची रेघ शोधा. समोरच्या इमारतीकडे मान न वाकवता, न उचलता सरळ बघा. तिचा जो भाग नजरेसमोर येईल, समजा एखाद्या खिडकीचा गज, तीच रेघ. बोर्डावर वरून दोन इंचांवर ती आडवी मारा. आता तुमचे डोळे रस्त्यापासून किती उंच आहेत ते काढा. माझ्या मित्राची गॅलरी रस्त्यापासून अकरा फूट, मी बसल्या-उभ्याचे पाच धरले, झाले सोळा. माणूस साधारण साडेपाच फुटांचा. म्हणजे माझे डोळे तीन माणसांच्या उंचीवर. मग रस्ता सपाट असेल तर जवळचा असो वा लांबचा, प्रत्येक माणूस त्याच्या पावलांपासून डोळ्याच्या रेघेपर्यंतच्या अंतराचा एक तृतीयांश. ज्याची पावलं रेघेच्या तीन इंच खाली तो एक इंचाचा. सहा इंच खाली, तर दोन इंचांचा. बारा इंच खाली, अगदी बोर्डाच्या बुडाशी, तो चार इंचांचा.

आणि इथेच माझी पहिली सहा चित्रं वाया गेली. चार इंचांचा माणूस एका फराट्यात बसत नाही. त्याला शर्ट लागतो, चष्मा लागतो, हातातली पिशवी लागते. एकाला दिलं की शेजारचा मागतो. दुसऱ्या मजल्यावर गेलो तेव्हा डोळे सव्वीस-सत्तावीस फुटांवर गेले, पाच माणसं. बुडाशी असलेलाही सव्वादोन-अडीच इंचांत आटोपला आणि मागचे नखाएवढे. तिथून गर्दी गर्दीसारखी दिसते. पहिला मजला टाळा. तिसऱ्याच्या वर गेलात तर नुसती डोकी दिसतात, ती मुंग्यांसारखी होतात.

रस्त्यावर उभं राहूनच काढायचं असेल तर नियम उलटा होतो: सपाट जमिनीवर सगळ्यांची डोकी तुमच्या डोळ्यांच्या रेघेवर येतात, लहान होत जातात ते पाय. काय्यबोत नावाच्या चित्रकाराचं पावसातल्या पॅरिसचं मोठं चित्र आहे, १८७७ चं, शिकागोत. त्यात पुढचं छत्रीतलं जोडपं आणि मागचे बारके लोक यांची डोकी बघा, जवळपास एका ओळीत. सुंदर चित्र, पण ती गर्दी नव्हे. ती सुट्या सुट्या माणसांची ये-जा आहे, आणि प्रत्येकाला वेळ दिलेला आहे.

घरमालकाची परवानगी आदल्या दिवशी घ्या, बाजाराच्या दिवशी नको. बाजाराच्या दिवशी त्यांच्या घरी पाहुणे असतात, आणि गॅलरीत खुर्ची टाकलेला माणूस सगळ्यांच्या पायांत येतो. जमिनीवर घालायला जुनी चादर न्या. मी एकदा नेली नाही. त्या घरच्या लाल कोब्यावर पांढऱ्या रंगाचा एक ठिपका अजून आहे, चहा देताना दर वेळी मला दाखवतात.

सामान थोडं. बारा बाय सोळा इंचांचा बोर्ड, उभा. पहिल्या वेळी याहून मोठा नको. अॅक्रेलिक रंग घ्या. तैलरंग मला आवडतात, पण गर्दी रंगवताना थरावर थर लगेच द्यावा लागतो. मोने-पिसारो ओल्यावर ओलं लावायचे. त्यांचा हात बसलेला होता, माझा चिखल होतो. टायटॅनियम व्हाइट, यलो ऑकर, बर्न्ट अंबर, अल्ट्रामरीन ब्ल्यू, क्रिमसन, एक लाल, एक लेमन यलो. काळी ट्यूब घरी ठेवा. अंबरात अल्ट्रामरीन घातलं की त्याहून चांगला काळोख मिळतो, आणि हवा तसा गरम-गार करता येतो. जाता जाता सांगतो, ही ट्यूब नसती तर हे प्रकरणच झालं नसतं. कथलाच्या चेपणाऱ्या ट्यूबचं पेटंट जॉन रँड नावाच्या अमेरिकन चित्रकाराने १८४१ मध्ये घेतलं, त्याआधी तयार तैलरंग डुकराच्या मूत्राशयाच्या पुरचुंडीत ठेवायचे. आमच्या धंद्यात तर मी उमेदवारी केली तेव्हाही सरस वितळवून त्यात पूडरंग घोटत होतो.

फेब्रुवारीच्या दुपारी अॅक्रेलिक ताटलीत दहा मिनिटांत कडक होतं. स्टीलच्या ताटात ओला फडका पसरा, त्यावर बटर पेपर आणि त्यावर रंग. दोन तास मऊ राहतो. आणखी एक: आमचे सरसाचे रंग वाळले की उजळ व्हायचे, अॅक्रेलिक वाळलं की जरा काळवंडतं. पडदेवाल्यांपैकी कोणी हे वाचत असेल तर सवय उलटी करावी लागेल. ब्रश तीन: एक इंची चपटा, सहा नंबरचा चपटा आणि दोन नंबरचा गोल. गोल ब्रश खिशात. शेवटची दहा मिनिटं सोडून त्याला हात लावायचा नाही.

आता माझी सगळ्यात मोठी चूक. मोनेचे ते काळे फराटे माझ्या इतके डोक्यात बसले होते, की मी बोर्डावर फिकट निळसर रस्ता रंगवला आणि त्यावर बर्न्ट अंबरची माणसं सपासप ओढली. तंत्र बरोबर. चित्र मात्र असं, की म्हापशात कोणाची तरी अंत्ययात्रा निघाली आहे. बायकोने विचारलं, कोण गेलं?

कारण साधं आहे. एकोणिसाव्या शतकातला पॅरिसचा पुरुष बाहेर पडताना काळा कोट आणि काळी टोपी घालायचा. रस्ता फिकट, माणसं काळी. आमच्याकडे बरोबर उलटं आहे. डांबर काळं आणि माणसं उजळ. शुक्रवारी वरून बघा: पिवळी साडी, पोपटी पंजाबी, पांढरा सदरा, लाल टी-शर्ट, मध्येच चकाकणारं हेल्मेट. म्हणून मोनेची रीत घ्यायची आणि रंग आपल्या डोळ्यांनी ठरवायचे. आपल्याकडे गडदावर उजळ माणूस बसतो.

तर बोर्डाला आधी मातीचा हात द्या: यलो ऑकर, थोडा अंबर, चिमूटभर लाल, पाणी भरपूर. आपल्या धुळीचा रंग. हा सगळीकडून थोडा थोडा डोकावत राहिला पाहिजे, चित्र एकत्र तोच धरतो. तो वाळला की डोळे बारीक करून खाली बघा. एवढे बारीक की माणसं दिसेनाशी व्हावीत. मग जे दिसेल ते तीन-चार तुकड्यांत असेल: उन्हातला रस्ता, सावलीतला रस्ता, दुकानांची रांग आणि गर्दी नावाचा एक अखंड गोळा. हो, एक गोळा. एक इंची ब्रशने त्या गोळ्याला मधला गडद रंग भरून टाका, अंबर-निळ्याचा, जरासा जांभळट. माणूस अजून एकही नाही. हा टप्पा शिकणाऱ्यांना सहन होत नाही, ते लगेच डोकी काढायला घेतात. थांबा.

या गोळ्याच्या कडा नीट बघा. गर्दी तीळ पेरल्यासारखी कधी पसरत नाही. खाज्याच्या दुकानापुढे ती फुगते, उभ्या केलेल्या स्कूटरीपाशी फाटते, चौरिसाच्या, म्हणजे गोव्याच्या सॉसेजच्या, माळा लावलेल्या बाईपुढे अर्धगोल होते, ऊन कडक असेल तर सावलीच्या कडेने लांब शेपटी काढते. दोन पुंजके आणि त्यांना जोडणारी एक बारीक धार, एवढं पकडलं तरी बाजार ओळखू येतो.

मग माणसं. सहा नंबरचा चपटा ब्रश, रंग दाट, पाणी नाही. ब्रशची धार आडवी टेकवा आणि दाबा, हे खांदे. न उचलता खाली ओढा आणि ओढता ओढता दाब कमी करत जा. पावलांपाशी पोचेपर्यंत ब्रश नुसता टेकलेला असावा. उचला. वर रुंद, खाली निमुळतं, मुळ्यासारखं. पाय दोन काढायचे नाहीत. चालणाऱ्याचा एक पाय नेहमी दुसऱ्याच्या आड असतो. मग त्याच ब्रशच्या कोपऱ्याने डोकं. इथे लक्ष द्या: वरून बघताना आपल्याला चेहरा दिसत नाही, केस दिसतात. म्हणून डोक्याचा ठिपका गडद, आणि खांद्याला पूर्ण चिकटलेला नको. मध्ये खालचा रंग केसाएवढा राहू द्या, ती मान झाली. अंबाड्यावर अबोलीचा वळेसर असेल तर नारिंगीचा एक टिंब, तोही चित्रात दोन-तीनच ठिकाणी. शेवटी पावलांपासून निघणारी सावली, निळसर जांभळी, एकाच दिशेला. सावलीशिवाय माणूस तरंगतो.

घरी जुन्या वर्तमानपत्रावर असे शंभर मुळे ओढा. साठाव्याच्या आसपास हात सैल होतो.

चालणारा असेल तर फराटा किंचित पुढे कलता, खरेदी करणारा वाकलेला, म्हणजे वरचा भाग दुमडलेला. जमिनीवर बसलेली बाई म्हणजे त्रिकोण, आणि तिच्यावर छत्री किंवा निळी ताडपत्री. त्या ताडपत्रीखालचे रंग नीट बघा. केळी हिरवट दिसतात, पांढरा पदर चक्क निळा होतो. जे दिसेल तेच लावा, माहीत असलेला रंग लावू नका.

बारा बाय सोळाच्या बोर्डावर असे सुटे माणूस मी साठाच्या वर काढत नाही. बाकीची गर्दी त्या पहिल्या गडद गोळ्यातूनच काढायची, आणि ती काढायची फटींनी. हीच या सगळ्यातली खरी कळ. गोळ्याच्या आत इथे तिथे रस्त्याचा उजळ तुकडा घाला, दोन माणसांच्या मधून दिसेल तसा, बारीक, वाकडातिकडा. फट पडली की तिच्या दोन्ही बाजूंना आपोआप माणूस उभा राहतो. माणूस काढायला तीन फराटे लागतात, फट एका फराट्यात दोन माणसं देते. मागच्या, लांबच्या गर्दीत तर मी माणूस काढतच नाही, फक्त फटी आणि वर डोक्यांची खडबडीत कड.

फोनवर फोटो काढून घरी बसून करू का, असं विचारतात. करा, पण फोटोत प्रत्येक जण एक पाय हवेत धरून गोठलेला असतो. चालणं जातं आणि कवायत उरते. गंमत म्हणजे फोटोग्राफी जन्मली तेव्हा नेमकं उलटं होतं. दागेरने १८३८ मध्ये पॅरिसच्या एका गजबजलेल्या रस्त्याचा फोटो घेतला, तर रस्ता सुना आला, माझ्या पडद्यासारखा. फोटोला इतका वेळ लागायचा की चालणारं कोणी त्यात उमटलंच नाही. उमटला तो बूट पॉलिश करून घेणारा एक माणूस आणि पॉलिश करणारा, कारण ते एका जागी थांबले होते. मी खिडकीत बसून पाच सेकंद बघतो, मान फिरवतो आणि लक्षात राहिलं तेवढंच लावतो. जे राहत नाही ते गर्दीलाही नको असतं.

तोंडांचा किस्सा सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. एका गावच्या उत्सवाच्या मंडळींनी शिगम्याच्या कार्यक्रमासाठी माझ्याकडून मागचा पडदा करून घेतला. वीस फूट बाय बारा, रोमटामेळाची, म्हणजे शिगम्याच्या मिरवणुकीची गर्दी. मी नवाच शिकलेला, उत्साहात. गुढ्या, ढोल आणि शेकडो फराटे. दहा दिवस मान मोडून केला. बघायला आलेले चौघे पडद्याला नाक लावून उभे राहिले, आणि एक म्हणाला, “मास्तर, तोंडां खंय गेलीं?” मागे जाऊन बघा म्हटलं, तर मागे जायला कोणाला वेळ नव्हता. पैसे अर्धे दिले, उरलेले तोंडं काढल्यावर. काढली. दोन संध्याकाळी बसून पुढच्या रांगेतल्या पंधरा जणांना डोळे, मिश्या, दात सगळं दिलं. पंधरा माणसं पडद्यातून टक लावून बघायला लागली आणि त्यांच्या मागची सगळी मिरवणूक जागच्या जागी थांबली. चेहरा दिसला की बघणाऱ्याची नजर तिथे अडकते, मग ती गर्दीतून फिरत नाही. उरलेले पैसे मिळाले, ते मी रागाने घेतले.

चेहऱ्यांची गर्दी होतच नाही असं नव्हे. आपले व्यंगचित्रकार मारियो मिरांडा यांनी आयुष्यभर तीच काढली, आणि त्यांच्या बाजारातला प्रत्येक माणूस वेगळा: एकाचं नाक, एकीचा अंबाडा, कोपऱ्यातलं कुत्रं. पण ती रेघेची गर्दी आहे. तिथे नजर वाचत वाचत पुढे जाते, घाई नाही. रंगाच्या फराट्यावर रेघेचं तोंड बसवलं की दोन्ही मरतात. एक काहीतरी निवडा.

आता इंत्रूज. आमच्याकडे मिरवणूक पणजीला शनिवारी, मडगावला रविवारी, वास्कोला सोमवारी आणि म्हापशाला मंगळवारी. हा राखेच्या बुधवाराआधीचा मंगळवार, फ्रेंच लोकांचा मार्दी ग्रा. पिसारोने १८९७ साली पॅरिसमध्ये याच मंगळवारची गर्दी रंगवली. तेव्हा तो ६६ वर्षांचा होता. डोळ्याचं जुनं दुखणं होतं, उघड्यावर वारा-धूळ सोसत नव्हती, म्हणून त्याने एका हॉटेलात वरची खोली घेतली आणि फेब्रुवारीपासून एप्रिलपर्यंत खिडकीतून खालचा बुलव्हार मोंमार्त्र रंगवत राहिला. एकच रस्ता, १४ चित्रं: सकाळ, धुकं, पाऊस, दुपार. मार्दी ग्राच्या चित्रांत झाडांवर कागदी फिती लोंबताना दिसतात, आणि गर्दी इतकी दाट की फटीसुद्धा मोजून.

त्याच्याकडून घ्यायचं ते हे, की एकाच खिडकीत पुन्हा पुन्हा बसा. मिरवणुकीच्या दिवशी नवी जागा शोधू नका. चार शुक्रवार ज्या खिडकीत बसलात तिथेच बसा. डोळ्याची रेघ, माणसांची मापं, दुकानांची रांग सगळं हातात बसलेलं असतं, आणि त्या दिवशी फक्त गर्दीकडे बघायचं राहतं. चित्ररथ येण्याआधी तासभर गर्दी कडेला साचते आणि मधला रस्ता मोकळा राहतो. काढण्याजोगं चित्र ते. चित्ररथ स्वतः काढू नका. थर्माकोलचा मासा कितीही मोठा असला तरी तो थर्माकोलचा मासाच दिसतो. फार तर कडेला कापलेला, अर्धाच येऊ द्या, मोनेच्या त्या गॅलरीतल्या टोपीवाल्यांसारखा.

आणि एक गुलाबी पुंजका. मोनेच्या फुग्यांसारखा एखादाच शुद्ध, मळ नसलेला रंग सगळ्या चित्रात एका ठिकाणी. मी कधी फुगे घेतो, कधी कागदी टोप्या विकणाऱ्याची काठी, एकदा उसाच्या रसाच्या गाड्यावरची लिंबं घेतली. तो मधोमध ठेवायचा नाही आणि दुसऱ्या ठिकाणी त्याची पुनरावृत्ती करायची नाही.

आता खिशातला गोल ब्रश काढा. दहा मिनिटं. हेल्मेटवरची चमक, एखाद्या छत्रीची कड, विजेची तार. मग चित्र खोलीच्या दुसऱ्या टोकाला उभं करा आणि दारातून बघा. माणसं चालताना दिसली तर पुरे. एखादा फराटा मुळ्यासारखाच दिसत असेल तर त्याला हात-पाय देऊ नका, त्याच्या शेजारी एक फट घाला.

रात्रीचं विचाराल तर पिसारोने त्या मालिकेत रात्रीचं एकच केलं, ते लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे. पावसाने ओला रस्ता, दिव्यांचे ठिपके, दुकानांचा पिवळा उजेड आणि माणसं जवळपास नाहीतच. मी पौषात बोडगेश्वराच्या जत्रेला करून बघितलं. शेतातल्या गवताच्या उंचवट्यावर बसलो, गुडघ्यावर बोर्ड, कपाळाला डोंगर चढणारे लावतात तसला दिवा. त्या दिव्याच्या उजेडात बोर्डावर जे पिवळं वाटलं ते सकाळी घरी हिरवं निघालं. आता मी रात्री नुसत्या पेन्सिलीने उजेड कुठे आणि काळोख कुठे एवढं कागदावर मांडतो, प्रत्येक दिव्यापुढे रंगाचं नाव लिहितो, आणि रंगवतो सकाळी. तुम्हीही तसंच करा, आणि खाली बसायला गोणपाट न्या, पौषात गवत फार ओलं असतं.